तिहाई: पल्ले तीन, पण हिशेब तिसऱ्या ‘धा’चा

प्रश्न थोडक्यात असा आहे. तबल्यात, कथकात, सतारीवर आणि गाण्यातही ‘तिहाई’ हा शब्द सतत कानावर पडतो. त्याचा नेमका अर्थ काय, तो आला कुठून, काही जण ‘तिय्या’ म्हणतात ते वेगळे काही असते का? आणि बोल (वाद्यावर वाजणारी अक्षरे) पाठ असूनही तिहाई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, का बसत नाही? कधी एक मात्रा आधी येते, कधी एक मात्रा नंतर.

शब्दापासून सुरुवात करू. ‘तिहाई’ म्हणजे तिसरा हिस्सा. संस्कृत ‘त्रि’ आणि ‘भाग’ यांपासून झिजत झिजत तो हिंदीत आला. मराठी वाचकाला याच घराण्यातला एक शब्द इतिहासाच्या पुस्तकातून चांगला ओळखीचा आहे, तो म्हणजे ‘चौथाई’. वसुलाचा चौथा भाग ती चौथाई, तसा तिसरा भाग ती तिहाई. संगीतात मात्र गंमत झाली. एकच बोलसमूह तीन वेळा वाजतो, त्यातला प्रत्येक भाग म्हणजे संपूर्ण रचनेची एक तिहाई. पण त्या एका भागाला वादकांनी ‘पल्ला’ म्हटले आणि ‘तिहाई’ हे नाव तिन्ही पल्ल्यांच्या मिळून होणाऱ्या रचनेला चिकटले. म्हणजे भागाचे नाव पूर्णाला गेले.

‘तिय्या’ हा त्याच गोष्टीचा दुसरा उच्चार, महाराष्ट्रातल्या तबलजींच्या तोंडी जास्त ऐकू येणारा. अर्थामध्ये फरक नाही. गोंधळ होतो तो ‘ति’ने सुरू होणाऱ्या बाकीच्या शब्दांशी. तिगुन म्हणजे एका मात्रेत तीन बोल, तो लयीचा प्रकार झाला. तिस्र ही लयीची जाती, म्हणजे तिनाच्या गटांची मोजणी. आणि तिपल्ली गतीत बोल तीन वेगवेगळ्या लयींत चढत जातो. तिहाईत मात्र तिन्ही पल्ल्यांची लय तीच राहते, पल्ल्यांमधले अंतर सारखे राहते आणि शेवटच्या पल्ल्याचा शेवटचा आघात ठरलेल्या जागी, बहुतेक वेळा समेवर, पडतो. या तीन अटींपैकी एक जरी सुटली तरी ते फक्त तीनदा वाजवणे झाले.

तिहाईभोवतीचे बाकीचे शब्द पाहिले की ही परिभाषा कुठे घडली याचा अंदाज येतो. ‘सम’ संस्कृत, ‘तिहाई’ देशी, ‘दम’ फारसी. पोथीत बसून केलेली परिभाषा अशी सरमिसळ होत नाही, ती वाजवणाऱ्यांच्या तोंडी तयार झालेली दिसते. दम म्हणजे श्वास. मराठीत आपण ‘जरा दम खा’ म्हणतो, अगदी त्याच अर्थाने दोन पल्ल्यांच्या मध्ये घेतलेली विश्रांती म्हणजे दम. असा दम जिच्यात आहे ती दमदार तिहाई आणि जिच्यात नाही, पल्ला संपताक्षणी दुसरा सुरू होतो, ती बेदम. इथे ‘दमदार’चा ‘जोरकस’ आणि ‘बेदम मारले’मधला ‘बेदम’ हे दोन्ही रोजचे अर्थ बाजूला ठेवायचे. हळुवार वाजवलेली तिहाईही दमदार असू शकते. कर्नाटक पद्धतीत याच जातीच्या रचनेला मोरा म्हणतात आणि दमाला कार्वै. नावे वेगळी, बेरीज तीच.

आता ती बेरीज. बहुतेकांची तिहाई हातामुळे फसत नाही, मोजणीमुळे फसते.

तीनतालाच्या आवर्तनात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात, १६ मात्रा. समेवरून तिहाई सुरू केली आणि पुढच्या समेवर संपवायची असेल, तर तिची लांबी किती हवी? ‘१६’ हे उत्तर चूक आहे. शेवटचा ‘धा’ पडतो तो सोळाव्या मात्रेवर नव्हे, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. म्हणून मोजायच्या मात्रा १७. ही सतरावी मात्रा तिहाईची शेवटची असते आणि त्याच वेळी नव्या आवर्तनाची पहिली असते. एक मात्रा आधी येणाऱ्या पुष्कळ तिहाया इथेच चुकलेल्या असतात.

पल्ल्याच्या मात्रा तीनदा आणि दमाच्या मात्रा दोनदा येतात. दम दोनच, कारण तिसऱ्या पल्ल्यानंतर दम नसतो, तिथे सम असते. तेव्हा तीनतालासाठी (३ × पल्ला) + (२ × दम) = १७. पल्ला ५ आणि दम १ धरला तर १५ + २ = १७. पल्ला ३, दम ४ धरला तरी ९ + ८ = १७. पल्ला ४ धरून पाहा: १२ वजा जाता ५ उरतात, त्याचे दोन सारखे दम अडीच-अडीच मात्रांचे. चालते, पण शिकाऊ हाताला अडीच मात्रांचा दम सांभाळणे जड जाते.

पाचच्या पल्ल्याची नेहमीची तिहाई विभागांत लिहून दाखवतो. ‘तिट’, ‘कता’, ‘गदि’, ‘गन’ हे जोडबोल प्रत्येकी एका मात्रेत, ‘धा’ एका मात्रेचा आणि ऽ म्हणजे एक मात्रा दम. विभागाच्या आरंभीची खूण × म्हणजे सम, २ आणि ३ म्हणजे टाळ्या, ० म्हणजे खाली, जिथे टाळी देत नाहीत:

× तिट कता गदि गन
२ धा ऽ तिट कता
० गदि गन धा ऽ
३ तिट कता गदि गन
× धा

आता बोल विसरा आणि फक्त ‘धा’ कुठे पडले ते बघा. पाचव्या मात्रेवर, अकराव्या मात्रेवर आणि समेवर. दोन धांमधले अंतर सहा-सहा मात्रांचे, म्हणजे पल्ला अधिक दम. तिहाईचा खरा सांगाडा हा आहे. हेच बोल दुगुनीत, म्हणजे एका मात्रेत दोन अक्षरे अशा हिशेबाने, मोजा: ‘ति ट क ता ग दि ग न धा’, अर्ध्या मात्रेला एक अक्षर. बोलांची घनता तेवढीच राहिली, पण पल्ला आता अर्ध्या मात्रांत मोजला तर ९ अक्षरांचा झाला. मोजायच्या अर्ध्या मात्रा ३३ (१६ दुणे ३२ अधिक १). २७ गेल्यावर ६ उरतात, म्हणजे दम ३ अर्ध्या मात्रांचा. धा कुठे आले? नववी, एकविसावी आणि तेहेतिसावी अर्धी मात्रा, म्हणजे पुन्हा पाचवी मात्रा, अकरावी मात्रा आणि सम. मोजणीचे एकक बदलले, पण तिहाई तीच राहिली. म्हणून तिहाई ओळखायची असेल किंवा नवी बांधायची असेल, तर सुरुवातीपासून मोजू नका. समेवरून मागे या: सम, सम वजा एक अंतर, सम वजा दोन अंतरे. तीन खुंट्या ठोकल्या की मधली जागा कोणत्या बोलांनी भरायची हा आवडीचा प्रश्न आहे.

उचलण्याची जागाही याच रीतीने निघते. तिहाई जितक्या मात्रांची असेल त्यातून एक वजा करा आणि समेच्या तेवढ्या मात्रा आधी उचला. वरची १७ मात्रांची तिहाई बरोबरीत, म्हणजे मूळ लयीत, समेपासून उचलायची. तीच दुप्पट वेगाने घेतली तर ८ मात्रा आधी, म्हणजे खालीपासून, नवव्या मात्रेवरून. चौपट वेगाने चार मात्रा आधी, तेराव्या मात्रेवरून. आठपट घेण्याचा हात असेल तर पंधराव्या मात्रेवरून. एकच तिहाई चार जागांवरून उचलता येते, आणि चारही वेळा सम मिळते. हा रियाज एका आठवड्यात जेवढे शिकवतो तेवढे दहा नव्या तिहाया पाठ करून येत नाही.

बेदम तिहाई सगळीकडे जमत नाही. तीनतालात समेपासून समेपर्यंत बरोबरीत १७ मात्रा, तिनाने भाग जात नाही. चौगुनीत ६५, तिथेही जात नाही. दुगुनीत ३३, तिथे जातो: ११ अक्षरांचा पल्ला. ‘धा गे ति ट क ता ग दि ग न धा’ हा बरोबर अकराचा. पण वाजवून पाहा. पहिला धा सहाव्या मात्रेच्या आरंभी येतो, दुसरा अकराव्या मात्रेच्या मध्यावर, आड, आणि तिसरा समेवर. मधला धा मात्रेवर नसल्यामुळे नवा वादक तिथे नकळत अर्धी मात्रा ओढतो किंवा गिळतो. उपाय साधा आहे. तबल्यावर हात टाकण्याआधी हाताने ताल देत पढंत करा, म्हणजे बोल तोंडाने म्हणा, आणि दुसरा धा दोन मात्रांच्या मध्ये पडतोय हे कानाला ऐकू येईपर्यंत थांबू नका.

एकतालात आणखी एक गोष्ट लक्षात येते. आवर्तन १२ मात्रांचे, म्हणजे मोजायच्या १३. दुगुनीत २५, तिगुनीत ३७, चौगुनीत ४९. यातल्या एकालाही तिनाने भाग जात नाही आणि जाणारही नाही, कारण बाराची कोणतीही पट तिनाने जाते आणि वर एक उरतोच. तेव्हा एकतालात, आणि याच कारणाने ६ मात्रांच्या दादऱ्यात, समेपासून समेपर्यंत सरळ बेदम तिहाई नसते. हवीच असेल तर मधल्या एखाद्या मात्रेवरून उचलावी लागते. दमदार मात्र सोपी आहे: पल्ला ३, दम २. ‘गदि गन धा ऽ ऽ’. धा तिसऱ्या मात्रेवर, आठव्या मात्रेवर आणि समेवर. ही १३ मात्रांची तिहाई तीनतालात न्यायची असेल तर १२ मात्रा आधी, म्हणजे पाचव्या मात्रेवरून उचला, बदल काहीच करावा लागत नाही.

झपताल १० मात्रांचा, त्यात ११ मोजायच्या. पल्ला ३, दम १: ‘गदि गन धा ऽ’. धा तिसऱ्या, सातव्या मात्रेवर आणि समेवर. पहिला धा दुसऱ्या टाळीवर येतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ती तिहाई चटकन समजते. रूपक ७ मात्रांचा, त्यात मोजायच्या मात्रा ८: पल्ला २, दम १, ‘गन धा ऽ’. रूपकाची सम खालीवर असते, ठेका (तालाचे ठरलेले मूळ बोल) ‘ती’ने सुरू होतो आणि तिहाई ‘धा’ने संपते. ही विसंगती ऐकून नवखे विद्यार्थी समेवर हात दाबतात. दाबू नका, धा पूर्ण वाजू द्या आणि ठेका पुढच्या मात्रेपासून धरा.

आता तिहाई फसते कुठे ते पाहू. अधिक एकची चूक वर आलीच. त्याहून सरसकट होणारी चूक दमाची आहे. वाजवताना लय हातात असते, दमात ती डोक्यात धरावी लागते, आणि डोके हातापेक्षा घाई करते. एका मात्रेचा दम पाऊण मात्रेचा होतो, तो दोनदा येतो, म्हणजे शेवटचा धा अर्धी मात्रा लवकर पडतो. पढंत करताना दमाच्या जागी गप्प न बसता ‘एक’ किंवा ‘अं’ असा उच्चार करा. महिनाभराने तो उच्चार गाळा, जागा तेवढीच राहील.

दुसरी चूक ‘धा’ची लांबी. पल्ल्याच्या शेवटचा धा घुमतो म्हणून काही जण तो दोन मात्रांचा धरतात आणि वर दमही वेगळा घेतात. मग पाचाचा पल्ला सहाचा होतो आणि तिहाई दोन मात्रा पुढे सरकते. धा एकाच मात्रेचा. त्याची आस (घुमणारा नाद) पुढे गेली तर ती दमात मोडते.

तिसरी चूक पुस्तकातून तिहाई उचलताना होते. भातखंडे पद्धतीत समेची खूण × आणि खालीची ०. पलुसकर पद्धतीत समेला १ लिहितात आणि खालीला +. फुलीचे आडवे-उभे रूप नीट न पाहता + ला सम समजले की सगळी तिहाई अर्धे आवर्तन सरकते आणि बोल मात्र अगदी बरोबर असतात, त्यामुळे चूक सापडत नाही.

चौथी चूक गायकांची आणि तंतकारांची, म्हणजे तंतुवाद्य वाजवणाऱ्यांची. त्यांना पुष्कळदा समेवर नव्हे तर मुखड्यावर, म्हणजे बंदिशीच्या समेकडे नेणाऱ्या सुरुवातीच्या तुकड्यावर, यायचे असते. मुखडा नवव्या मात्रेपासून असेल आणि तिहाई समेपासून उचलायची असेल, तर तिहाई आठव्या मात्रेला संपली पाहिजे, कारण नवव्या मात्रेवर मुखड्याचे अक्षर बसलेले आहे. इथे अधिक एक नाही. मोजायच्या मात्रा ८: पल्ला २, दम १. सतारीवरच्या विलंबित मसीतखानी गतीचा मुखडा बाराव्या मात्रेपासून असतो, तिथे समेपासून ११ मोजायच्या: पल्ला ३, दम १. हीच झपतालातली तिहाई आहे. नियम एवढाच: जागेवर उतरायचे असेल तर अधिक एक, जागेच्या आधी संपवायचे असेल तर नाही.

साथीला बसताना आणखी एक भान हवे. गायकाच्या तिहाईतला दुसरा आघात समेजवळ आला की ठेका धरणाऱ्याला तीच सम वाटते आणि तो तिथे जोर देतो. ठेका तिहाईच्या मागे धावू लागला की दोघेही पडतात. साथीदाराने तिहाई कानाने ऐकावी, हाताने फक्त ठेका धरावा.

तिहाईची तिहाई म्हणजे चक्रदार. एक पूर्ण बोल, त्याच्या शेवटी तिहाई, आणि हे सगळे मिळून तीन वेळा. त्यातली प्रत्येक वेळ म्हणजे एक चक्र. नवहक्का हा त्याचा एक प्रकार, त्यात धा नऊ वेळा लागोपाठ येतात, चक्रांमध्ये दम नसतो. फर्माइशी चक्रदार मात्र वेगळ्या कसबाची असते. पहिल्या चक्रातला पहिला धा समेवर, दुसऱ्या चक्रातला दुसरा धा समेवर, तिसऱ्या चक्रातला तिसरा धा समेवर. हे ऐकताना जादू वाटते, पण बांधणीचे गणित दोन ओळींचे आहे. पहिल्या चक्राचा पहिला धा समेवर आणायचा. आणि चक्राची लांबी (चक्रानंतर दम असेल तर तो धरून) अधिक दोन धांमधले अंतर यांची बेरीज आवर्तनाच्या पूर्ण पटीत आणायची.

तीनतालात करून पाहू. चक्राचा मूळ बोल १२ मात्रांचा घ्या, आणि शेवटी ‘तिट कता गदि गन धा’ ही बेदम तिहाई, १५ मात्रांची. चक्र २७ मात्रांचे. दोन धांमधले अंतर ५. २७ अधिक ५ म्हणजे ३२, दोन आवर्तने पूर्ण. समेपासून उचलले तर पहिला धा १२ अधिक ५, सतराव्या मात्रेवर, सम. दुसरे चक्र २८ पासून, त्याचा दुसरा धा २७ अधिक १२ अधिक १०, एकोणपन्नासाव्या मात्रेवर, पुन्हा सम. तिसऱ्या चक्राचा तिसरा धा ८१ वर, पाच आवर्तने संपून सहाव्याची सम. मधल्या दोन समा, ३३ आणि ६५, बोलांच्या पोटात जातात, तिथे धा येत नाही. वाजवताना नेमक्या त्याच दोन समा हरवतात. म्हणून पढंत करताना त्या दोन जागी कोणता बोल येतो ते पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा.

चक्रांमध्ये दम घालून हेच करायचे असेल तर २७ ही बेरीज धरून ठेवा आणि आतून कापा. चक्रानंतर एक मात्रा दम द्यायचा असेल तर चक्र २६चे करावे लागेल. एक मात्रा काढायची कुठून? मूळ बोल ११चा केला तर पहिला धा सोळाव्या मात्रेवर येतो आणि सम चुकते. मग सगळी रचना समेपासून न उचलता दुसऱ्या मात्रेवरून उचलायची, की सतरावर पहिला धा, दुसऱ्या चक्राचा दुसरा एकोणपन्नासवर आणि तिसऱ्याचा तिसरा ८१ वर येतो. कागदावर मांडून पाहा. कमाली चक्रदारीत पुढची पायरी असते: धाच्या जागी ‘धा धा धा’ असे तीन धा, आणि पहिल्या चक्रात पहिल्यातला पहिला, दुसऱ्यात मधल्यातला मधला, तिसऱ्यात शेवटच्यातला शेवटचा समेवर. फर्माइशीची वरची बेरीज हातात पक्की बसेपर्यंत कमालीकडे वळू नये, कारण तिथे चुकलेला धा शोधायला सत्तावीस धा तपासावे लागतात.